भरिताचा आचारी मळ्यात येतो तेव्हा

पोरी, तिकडे न्यू जर्सीत मैत्रिणीच्या अंगणात हिबाची पार्टी पाहिलीस, आचारी घरी येऊन सगळ्यांसमोर लोखंडी तव्यावर भात परततो, अंडं हवेत उडवतो. आणि आता सुट्टीत सावद्याला येऊन मळ्यात तसंच काही करायचं म्हणतेस. कर की. फक्त तो तवा तिकडेच राहू दे. आपल्याकडे हिवाळ्यात आचारी बोलावतात तो भरितासाठी, आणि कपाशीच्या काड्यांचा जाळ एकदा वर चढला की अंडं उडवायची गरज पडत नाही. एवढं मात्र ऐक, भरीत आचारी करतो, पार्टी यजमान करतो. तो येण्याआधीचं आणि गेल्यानंतरचं सगळं तुझ्या अंगावर आहे.

१. तारीख चंपाषष्ठीनंतरचीच धर — चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आपल्याकडे अजून आहेत, आणि थंडीशिवाय भरिताला चव नाही. ऊन तापायला लागलं की वांग्यात बी भरतं. मग ते खाण्यापेक्षा पेरलेलं बरं.

२. मजुरी किती, सोबत माणसं किती, भांडी कोणाची, तेल-शेंगदाणे कोणाचे, हे एकेक उच्चारून घे आणि विसार देऊन टाक — मोघम बोली, पंगतीला होळी.

३. वांगी फोनवर मागवू नको, सकाळी स्वतः जाऊन बामणोद-भालोदकडची निवडून आण — हिरवट-पांढरं, पातळ सालीचं, देठ ताजा असलेलं आणि आकाराच्या मानाने हाताला हलकं लागेल ते घ्यायचं. जड वांग्यात बहुधा बीच जास्त. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन अळीला कळत नाही. छिद्र दिसलं की बाजूला ठेव.

४. माणशी पाव किलो कच्चं वांगं हे शहरी पाहुण्याचं माप; आपले खान्देशी असतील तर अर्ध्या किलोला भिऊ नको — भाजल्यावर साल, देठ आणि पाणी जातं, उरतं ते पाहून यजमानाचा चेहरा पडतो.

५. काड्यांची सोय आठवडाभर आधी बघ — कपाशी शेतात उभी असेल तर नव्या काड्या मिळत नाहीत, मग तुराट्या शोधाव्या लागतात. आणि काड्या वाळलेल्याच हव्या, ओल्या काडीचा धूर वांग्याला कडू करतो.

६. ढीग तुला वाटतो त्याच्या दुप्पट कर — काडी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, वांगं अर्धं भाजलं असताना जाळ संपला तर आचाऱ्याच्या हातातही काही उरत नाही.

जाळाबद्दल जरा जास्तच सांगतो, कंटाळू नको. भरीत बिघडलं तर लोक हसतील आणि विसरतील. केळीचा बाग पेटला तर शेजारी सात पिढ्या विसरणार नाही.

७. जागा तूच ठरव, आचाऱ्यावर सोडू नको — ठिबकच्या नळ्या कुठून गेल्यात, वाळलेली केळीची पानं कुठे साचलीत, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त सपाट जमीन दिसते.

८. पाहुण्यांच्या सतरंज्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला घाल — नाहीतर सगळे डोळे पुसत बसतात आणि फोटोत तेराव्याला आल्यासारखे दिसतात.

९. टाकी दुपारीच भरून ठेव — शेतीची वीज आपल्या सोयीने येत नाही, आणि आगीजवळ बादली रिकामी असणं म्हणजे बादली नसणंच.

१०. जाळाजवळ जाणाऱ्याने सुती कपडे घालावे, ओढणी-पदर खोचावा — मुलांसाठी तर काडीने रेघ ओढ, तिच्या आत कोणी नाही.

११. भाजण्याआधी प्रत्येक वांग्याला सुरीचे टोचे मारलेत ना, एवढं पाहा — आत वाफ कोंडली की वांगं फुटतं. यापलीकडे आचाऱ्याला शिकवू नको. दोन हुकूम ऐकणारा हात मीठ दोनदा टाकतो.

१२. साल काढायला चांगला दिवा लाव — हिवाळ्यात सहा वाजता अंधार पडतो आणि काळी साल भरितात गेली की दाताखाली करकर करते.

१३. कोणी कितीही घाई केली तरी भरीत मिक्सरला लावू देऊ नको, लाकडी बडगीत मुसळाने ठेचू दे — मिक्सरमध्ये त्याचं पीठ होतं, बडगीत त्याचा धागा राहतो. आचाऱ्याकडे बडगी नसेल तर आपल्या घरची आहे, माळ्यावर. आधी धुऊन वाळव.

१४. एक वाटा कांदा-लसणाविना आधीच वेगळा काढायला सांग — आपल्या भागात स्वामिनारायण संप्रदायाची घरं आहेत, आणि पाहुणा आपणहून कधी बोलत नाही. मिरचीचंही तसंच, तुझ्या ऑफिसातल्या मंडळींसाठी कमी तिखटाचं घमेलं वेगळं ठेव, त्यांच्यापुढे शौर्य दाखवू नको.

१५. कळण्याची भाकरी थापणाऱ्या बायांची मजुरी वेगळी ठरव आणि त्यांच्याच हातात दे — ज्वारी-उडदाची ती भाकरी नसेल तर भरीत नुसती भाजी. गरम भाकरी तव्यावरून पानात पडावी असं वाटत असेल तर चुली दोन मांड.

१६. केळीचं पान घड काढलेल्या झाडाचंच काप, तेही मालकाला विचारून — घड पोसत असलेल्या झाडाचं पान म्हणजे त्याच्या तोंडचा घास.

१७. आचाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मधेच चहा, आणि शेवटी गरम जेवण — उरलेलं नव्हे. उपाशी हाताची फोडणी लवकर करपते.

१८. पैसे पाहुणे उठायच्या आत चुकते कर — रात्री उशिरा सुटे शोधत फिरणारा यजमान पुढच्या वर्षी आचाऱ्याला आठवत नाही, म्हणजे नको तसा आठवतो.

१९. राखेवर पाणी मार, काठीने उकर, पुन्हा पाणी मार — वरून थंड दिसणारी राख आतून सकाळपर्यंत जिवंत असते.

२०. उरलेल्या काड्या बांधावर रचून ठेवू नको — शेंदरी बोंडअळी त्यात दबा धरून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. कृषी खात्याची माणसं दरवर्षी हेच सांगतात, आणि दरवर्षी बांधावर ढीग असतोच.

२१. उरलेलं भरीत कोणाला बांधून द्यायचं तर पूर्ण निवल्यावर झाक — गरम झाकलं तर रात्रीत आंबतं, आणि नाव तुझं जातं, आचाऱ्याचं नाही.

चंपाषष्ठीनंतरचे रविवार चांगल्या आचाऱ्यांचे लवकर भरतात. तिकीट काढायच्या आधी त्याला फोन कर, मग मला.