तांबट आणि पिंपळ

अंबाझरी वा गोरेवाड्याच्या वाटेने फिरताना पक्ष्याचे नाव विचारण्यापूर्वी तो कोणत्या झाडावर काय करीत आहे, हे पाहावे. फळांनी लगडलेल्या पिंपळातून ‘टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी ठोका येतो. हिरवा तांबट पानांत लपतो; कपाळावरचा व छातीवरचा लाल रंग आणि पिवळा गळा यांवरून तो ओळखावा. पिंपळाची फळे खाऊन तो बिया दूर नेतो आणि वाळक्या फांदीत ढोली कोरून घरटे करतो. म्हणूनच धोका नसल्यास वाळकी फांदी तोडू नये. तथागतांना बोधी लाभली ती याच वृक्षाखाली. झाड पाखराला पोसते, पाखरू झाड पेरते. प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ विद्यार्थ्याला येथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतो.