डिस्क प्लेअरची डोळस निवड

दिसावयास सारख्या असल्या तरी संगीताच्या तबकड्या एकाच जातीच्या नसतात. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत नोंदलेले असतात. सोनी व फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेली सुपर ऑडिओ सीडी आणि २००० मध्ये आलेली डीव्हीडी-ऑडिओ यांची ध्वनिनोंद याहून सूक्ष्म असते.

या सर्व तबकड्या वाजविणारा प्लेअर घेण्यापूर्वी त्यावरील चिन्हे मोजण्याऐवजी घरचा संग्रह पाहावा. संग्रहात केवळ सीडी असतील, तर उत्तम सीडी प्लेअरच पुरेसा ठरतो. हायब्रिड सुपर ऑडिओ सीडी त्यावरही वाजते. मात्र ध्वनी सीडीच्याच प्रतीचा मिळतो.

त्यानंतर यंत्राची मागील बाजू तपासावी. सुपर ऑडिओ सीडीचा मूळ ध्वनी सामान्यतः ऑप्टिकल वा कोअ‍ॅक्शियल जोडणीतून मिळत नाही. त्यास एचडीएमआय अथवा अ‍ॅनालॉग जोडणी लागते. अ‍ॅम्प्लिफायरला एचडीएमआय नसल्यास प्लेअरच्या अ‍ॅनालॉग विभागाचा दर्जा निर्णायक ठरतो.

ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवे प्लेअर आणणे थांबविल्याने त्यांच्या वापरलेल्या यंत्रांकडे अनेकांचा ओढा असतो. अशा खरेदीत पैसे देण्यापूर्वी प्रत्येक प्रकारची तबकडी पूर्ण वाजवून पाहावी. सीडी व सुपर ऑडिओ सीडी यांना निरनिराळ्या तरंगलांबीचा लेसर लागतो. त्यामुळे एक सुरळीत वाजली, म्हणून दुसरीही वाजेलच, असे गृहीत धरू नये.