जहाजाबरोबर येणारे देणे

जमीन विकत घेणाऱ्यास सातबाऱ्यावर बोजा वाचता येतो. जहाज विकत घेणाऱ्यास मात्र नोंदणीदप्तरात फक्त गहाण दिसते, आणि ज्या देण्यापायी त्याचे जहाज उद्या बंदरात अडकून पडावयाचे असते, ते देणे त्या दप्तरात कोठेही लिहिलेले नसते. चेन्नई बंदरात लहानसा जहाजव्यवसाय करीत असता हे सत्य मला ज्या रीतीने कळले, तो वृत्तांत या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मराठी बांधवांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

एका जुन्या पेढीकडून मी एक टग खरेदी केला. नोंदणी निर्दोष होती, बँकेचे गहाण फेडल्याचा दाखला होता, आणि खरेदीखतात जहाज निर्वेध असल्याचे विक्रेत्याने लिहून दिले होते. काही महिन्यांनी उच्च न्यायालयाचा कर्मचारी टगवर आला आणि सुकाणूघराच्या काचेवर अटकेचा हुकूम चिकटवून गेला. दावा माझ्या खलाशांचा नव्हता. पूर्वीच्या मालकाच्या कारकीर्दीत ज्यांचा पगार थकला होता, त्या सारंग, भंडारी आणि इंजिनातील माणसांचा तो होता. टग हलेना, बंदराचे भाडे मात्र रोज चढू लागले, हाती असलेले काम दुसऱ्याकडे गेले. आणि विक्रेत्याकडे भरपाई मागावी, तर त्याच्या पेढीला तोवर टाळे लागलेले.

अखेर न्यायालयात रकमेची हमी भरून टग सोडवला. त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात दावेदारांपैकी गुहागरकडचा एक वृद्ध सारंग भेटला. “शेट, आमचं भांडण तुमच्याशी नाही, आमचा पगार जहाजावर आहे,” असे तो शांतपणे म्हणाला, आणि वकिलाच्या दीर्घ विवेचनाने जे माझ्या ध्यानी आले नव्हते ते त्याच्या एका वाक्याने आले. ज्या वास्तूच्या मनोऱ्यावर 1894 पासून 1977 पर्यंत मद्रासचा दीपस्तंभ जळत होता, तेथेच हा न्याय व्हावा, हे मला उचितच वाटले; कारण घाम गाळलेल्या माणसाचे वेतन जहाज विकून बुडवता येऊ नये, ही व्यवस्था मूलतः न्याय्य आहे, मग तिची झळ माझ्यासारख्यास का लागेना.

पूर्वी हे सारे 1840, 1861, 1890 आणि 1891 च्या जुन्या कायद्यांवर व इंग्रजी न्यायपरंपरेवर चालत असे. 1 एप्रिल 2018 पासून अमलात आलेल्या नौअधिकरण अधिनियम, 2017 ने ते कायदे रद्द केले, आणि मुंबई, कोलकाता व मद्रास यांच्या जोडीस इतर किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांनाही अधिकार दिले. त्याच्या नवव्या कलमात सागरी धारणाधिकार क्रमाने सांगितले आहेत: प्रथम खलाशांचे वेतन, मग जीवितहानी वा इजा, मग संकटातील जहाज वाचविणाऱ्याचे पारितोषिक, मग बंदराची देणी, आणि शेवटी जहाजाच्या चालनामुळे झालेले नुकसान. मालक बदलला, ध्वज बदलला, तरी हा अधिकार जहाजाला चिकटून राहतो. सामान्य मुदत एक वर्ष, वेतनाची मात्र दोन वर्षे. टनभाराच्या प्रमाणात जबाबदारी सीमित करून घेण्याची जी सवलत कायदा मालकास देतो, तिचाही वेतनाच्या दाव्यापुढे उपयोग होत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून मागील दोन वर्षांचा खलाशीपट आणि पगाराच्या सह्यांच्या पावत्या मागाव्या, व शक्य तेथे जहाज सोडून गेलेल्या माणसांना समक्ष विचारावे. बंदराचा नादेय दाखला घ्यावा. जहाज ज्या ज्या किनाऱ्यांवर फिरले तेथील उच्च न्यायालयांत दाव्यांचा शोध करावा. सर्वांत महत्त्वाचे हे, की किमतीचा काही भाग त्रयस्थाच्या हाती दोन वर्षे अनामत राहील अशी अट खतात घालावी. विक्रेत्याची नुसती हमी त्याच्या पेढीच्या आयुष्याहून दीर्घ नसते. उच्च न्यायालयाने याच अधिकारात लिलावाने विकलेले जहाज मात्र आठव्या कलमान्वये सर्व बोजांपासून मुक्त होऊन खरेदीदाराकडे येते, आणि माझ्या मते नवख्याने तोच मार्ग प्रथम पाहावा.

जहाजमालकाची जबाबदारी वेतनापुरतीच नाही. 28 जानेवारी 2017 रोजी एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले आणि कोळीवाड्यांतील माणसे तेलाचा चिखल बादल्यांनी उपसताना आम्ही पाहिली. 25 मे 2025 रोजी केरळच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात एका जहाजसमूहाचे एल्सा 3 हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा राज्य शासनाने 9,531 कोटी रुपयांचा दावा लावला आणि न्यायालयाने त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवले. त्याच वर्षी संसदेने 1958 चा व्यापारी नौवहन अधिनियम बाजूस सारून नवा संमत केला. जहाज घेऊ इच्छिणाऱ्याने हे कायदे वकिलाकरवी समजून घ्यावेत, आणि खलाशांच्या पगाराच्या पावत्या हाती आल्यावाचून खरेदीखतावर सही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.