अल्प वेतनातील कर्जफेड : गिरणगावाच्या अनुभवातून काही धडे

शेतीवर कर्ज असणे ही गोष्ट खेड्यात नवी नाही. त्या कर्जाची नोंद सोसायटीच्या दप्तरात असते व घरातील सर्वांना त्याची कल्पना असते. परंतु त्याच घरातील मुलगा नोकरीसाठी मुंबईस जातो आणि लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत राहून स्वतःच्या नावावर दुसरे कर्ज उभे करतो, याची वार्ता गावी सहसा पोहोचत नाही. ती पोहोचते तेव्हा मुलाकडून येणारी रक्कम थांबलेली असते, बी-बियाण्याची खरेदी अडलेली असते आणि सोसायटीचा हप्ता थकलेला असतो. यासाठी शहरातील तरुणाची कर्जफेड हा विषय शेतकऱ्याच्या हिशेबवहीचाच एक भाग समजला पाहिजे.

अल्प वेतनातून कर्ज फिटू शकते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी वेतनाच्या आकड्यावर अवलंबून नसून, वेतन हाती पडल्यावर ते प्रथम कोणाकडे जाते यावर अवलंबून आहे. मुंबईच्या गिरणगावाचा शंभर वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

पहिले कर्ज पहिल्या पगाराआधी

परळ, लालबाग, गिरगाव, दादर या भागांतील चाळी कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी भरल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतील पुष्कळ गावांनी तेथे गावकीच्या खोल्या घेतल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने अनेक गडी राहत व जेवण खानावळीत घेत. अशा गड्याच्या कर्जाचे मूळ बहुधा उधळपट्टीत नसे. गिरण्यांमध्ये महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्यास देण्याची वहिवाट होती. नव्याने लागलेल्या कामगारास पहिला पगार मिळेपर्यंत सुमारे दीड महिना काढावा लागे. तोपर्यंत खानावळ उधार, वाण्याचे धान्य उधार आणि हातखर्चासाठी सावकार. पुष्कळदा काम लावून देणारा जॉबरच पैसेही व्याजाने देई. अशा रीतीने पहिला पगार हाती येण्यापूर्वीच त्याचे वाटेकरी ठरलेले असत.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत सुमारे निम्मी, म्हणजे शेकडा ४७ कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. व्याजाचा सर्वसाधारण दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे सालीना शेकडा ७५ असा होता. या दराचा अर्थ समजण्यास मोठे गणित नको. रुपयाचे सोळा आणे. महिन्यास एक आणा दिला की सोळा महिन्यांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते.

सावकारास पगाराचा दिवस ठाऊक होता

एवढे जबर व्याज गरीब कामगाराकडून वसूल कसे होई? सावकाराजवळ तारण नव्हते. कामगाराचे शेत दूर गावी होते. सावकाराचा सारा आधार पगाराच्या दिवसावर होता. त्या दिवशी काठी घेतलेला फिरता सावकार गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. पैसे घरी पोहोचण्यापूर्वीच व्याज कापले जाई. उरलेल्या रकमेत महिना निघत नसे, म्हणून पंधरा-वीस तारखेस पुन्हा त्याच दारी जावे लागे.

यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. सावकार उरलेल्या पैशांवर विसंबत नसे. तो पहिला वाटा उचली. कर्जदार मात्र खर्च भागवून जे उरेल त्यातून मुद्दल फेडावे असे म्हणे, आणि उरत काहीच नसे. ज्या दिवशी मुद्दलाचा वाटाही व्याजासारखाच पहिला काढला जाईल, त्या दिवसापासून कर्ज कमी होऊ लागते.

सहकाराने हीच गोष्ट साधली

ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारांत रात्रशाळा व वाचनालयांबरोबर सहकारी संस्थाही चालविल्या. पांढरपेशा कुटुंबांची अडचणही वेगळी नव्हती. १९१८ साली मुंबईत स्थापन झालेली सारस्वत सहकारी संस्था लग्नकार्य, आजारपण व जुन्या कर्जाची फेड अशा गरजांसाठी सभासदांना साहाय्य देण्याच्या हेतूने निघाली; तीच पुढे मोठी नागरी बँक झाली.

वेतन प्रदान अधिनियम १९३६ साली झाला. वेतन ठरावीक मुदतीत देणे त्याने बंधनकारक केले आणि सहकारी संस्थेच्या देण्यासाठी वेतनातून कपात करण्यास मोकळीक दिली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ मध्येही, सभासदाने लेखी करार करून दिल्यास संस्थेचा हप्ता मालकाने पगारातून कापून द्यावा अशी तरतूद करण्यात आली. सावकार दरवाजाशी उभा राहून जे करी, तेच पतपेढीने कायद्याने, कमी व्याजात व पावती देऊन केले. पगार हाती येण्यापूर्वी हप्ता जात असल्याने सभासदाच्या मनाची परीक्षा दर महिन्यास होत नाही, हे पतपेढीचे मोठे बळ होय.

हीच गोष्ट खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही दिसून आली. कामगार महिन्याने पैसे देत. तोवर वाण्याचे व सावकाराचे देणे त्या बायांच्या अंगावर वाढे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले. गटातील स्त्रियांनी एकमेकींची हमी घेतल्याने तारणाविना बँकेचे कर्ज मिळू लागले.

हिशेब कसा मांडावा

आता आजचे उदाहरण घेऊ. समजा, लालबाग येथे राहणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणास दरमहा १८,००० रुपये हाती मिळतात. एका ओळखीच्या इसमाकडून त्याने २०,००० रुपये दरमहा शेकडा ५ व्याजाने घेतले आहेत. याखेरीज चुलतभावाचे १२,००० रुपये बिनव्याजी देणे आहेत. त्याचा महिन्याचा हिशेब असा मांडता येईल :

घरी पाठविणे : ४,००० रुपये
खानावळ : ४,५०० रुपये
खोलीचा वाटा : २,५०० रुपये
प्रवास व दूरध्वनी : १,००० रुपये
कपडे, औषध व किरकोळ : १,५०० रुपये
एकूण खर्च : १३,५०० रुपये
शिल्लक : ४,५०० रुपये

या शिल्लकेतून ४,००० रुपये कर्जास व ५०० रुपये अडीअडचणीसाठी ठेवावेत. दोन्ही रकमा पगाराच्या दिवशीच बाजूस काढाव्यात. हप्त्याच्या आकाराने किती फरक पडतो, ते पुढील आकड्यांवरून ध्यानी येईल. २०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज १,००० रुपये होते.

दरमहा १,००० रुपये दिल्यास : कर्ज कधीही फिटत नाही.
दरमहा १,५०० रुपये दिल्यास : २३ महिने, एकूण व्याज सुमारे १३,७८५ रुपये.
दरमहा २,००० रुपये दिल्यास : १५ महिने, एकूण व्याज सुमारे ८,४२० रुपये.
दरमहा ४,००० रुपये दिल्यास : ६ महिने, एकूण व्याज सुमारे ३,५९५ रुपये.

हप्ता १,५०० वरून ४,००० रुपये, म्हणजे अडीचपटीहून काहीसा अधिक केला तर मुदत सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते. याचे कारण असे की, लहान हप्त्याचा बहुतेक भाग व्याजातच जिरतो. मोठ्या हप्त्याचा बराच भाग मुद्दलास लागतो. हेच २०,००० रुपये पतपेढीतून सालीना शेकडा १२ दराने घेऊन सावकाराचे देणे एकदम चुकते केले आणि ४,००० रुपयांचाच हप्ता ठेवला, तर सहा महिन्यांचे एकूण व्याज सुमारे ६२२ रुपये भरते. जवळजवळ ३,००० रुपये वाचतात. मात्र जुने देणे चुकते करून पावती घेतल्यावाचून नवे कर्ज दुसऱ्या कामास लावू नये. नाहीतर एकाची दोन कर्जे होतात.

कोणते कर्ज आधी फेडावे

सर्वसाधारण नियम असा की, ज्याचे व्याज जबर ते कर्ज प्रथम फेडावे आणि बाकीच्यांना ठरलेला किमान हप्ता द्यावा. वरील तरुणाने सावकाराचे देणे सहा महिन्यांत संपविल्यावर तोच ४,००० रुपयांचा हप्ता चुलतभावाकडे वळवावा. म्हणजे आणखी तीन महिन्यांत तेही देणे संपते. एक कर्ज फिटले म्हणून हप्त्याची रक्कम खर्चात मिसळू देऊ नये. बिनव्याजी देणाऱ्या नातेवाइकास प्रथमच भेटून पैसे कोणत्या महिन्यापासून मिळतील ते स्पष्ट सांगावे. तोंड चुकविल्याने आप्त दुरावतो व पुढील अडचणीच्या वेळी पुन्हा सावकाराचेच दार उरते.

या नियमास शेतकरी कुटुंबासाठी एक महत्त्वाचा अपवाद आहे. पीककर्जाचे व्याज अल्प असले तरी त्याची मुदत चुकवू नये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जास शून्य टक्के व्याजाचा लाभ २०२१-२२ सालापासून देण्यात आला. परंतु तो मुदतीत परतफेड करणारासच मिळतो. मुदत टळली की सवलत जाते व पुढील हंगामाचे कर्जही अडते. ज्या कुटुंबास सोसायटीचे पीककर्ज मिळू शकते, त्याने बी-खतासाठी मुलास मुंबईत महाग कर्ज काढावयास लावणे हा उलटा व्यवहार होय.

सावकाराचे नवे रूप

गिरण्या बंद पडल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. मिळकत थांबताच अनेकांची भांडीकुंडी व दागिने गेले आणि कित्येकजण गावी परतले. अडीअडचणीची शिल्लक का हवी, याचे याहून मोठे उदाहरण नाही. पहिल्याने ५०० रुपयेच पडले तरी चालतील. कर्जे फिटल्यावर निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम साठवावी.

आजचा तरुण दुकानात, कार्यालयात वा घरपोच माल पोहोचविण्याच्या कामावर असतो. त्याचा सावकार पुष्कळदा मोबाईलमध्येच असतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के आकार पडला तर तो सालीना ४२ टक्के होतो. किमान रक्कम भरत राहिल्यास मुद्दल रेंगाळते. मोबाईलवरील कर्जाविषयी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे आणि वार्षिक दर दाखविणारे विवरणपत्र कर्ज देण्यापूर्वी दिले पाहिजे. ज्या अ‍ॅपमागे नोंदलेली बँक वा वित्तसंस्था नाही, त्यास हात लावू नये. बँकेविरुद्धची तक्रार बँकेने न सोडविल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य करता येते. माहितीसाठी दूरध्वनी क्रमांक १४४४८ आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

खाजगी सावकारीस महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा होय. बिनतारणी कर्जास शेतकऱ्यांसाठी सालीना १२ टक्के व इतरांसाठी १८ टक्के अशी व्याजाची कमाल मर्यादा शासनाने २०१४ साली ठरवून दिली. चक्रवाढ व्याज तसेच मुद्दलाहून अधिक व्याज घेता येत नाही. वरील उदाहरणातील दर सालीना ६० टक्के, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून अधिक होतो. अशा प्रकरणी सहकार खात्याच्या निबंधकाकडे लेखी अर्ज करावा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाचा पुरावा ठेवावा. रोख देण्यापेक्षा बँकेतून दिलेली रक्कम सिद्ध करणे सोपे जाते.

घराने व गावाने काय करावे

१. मुंबईस जाणाऱ्या मुलाबरोबर निदान दोन महिन्यांच्या जेवणखाणाची व राहण्याची तरतूद द्यावी. घरी ती नसल्यास सुगी उरकून पैसा हाती आल्यावर त्यास पाठवावे. पहिले कर्ज टाळणे हीच सर्वांत स्वस्त कर्जफेड होय.

२. घरी पाठवावयाची रक्कम मुलाचा खर्च व हप्ता पाहून ठरवावी. सण, जत्रा वा लग्नकार्य यांसाठी अचानक मागणी केल्यास तो नाही म्हणत नाही. तो कर्ज काढतो.

३. वर्षातून दोनदा, मुलगा गावी आला असता, घरची व शहरातील कर्जे एकाच वहीत लिहावीत. रक्कम, व्याजदर व मुदत हे तीन रकाने पुरेत.

४. कर्जदार म्हणून सही करणारा व जामीन राहणारा यांची जबाबदारी कायद्याने सारखीच असते. मित्राच्या शब्दाखातर जामीन राहू नये.

५. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सोसायटीच्या सचिवांच्या साह्याने परगावी नोकरी करणाऱ्या मुलांच्या पालकांची एक बैठक घ्यावी व वरील आकडे फळ्यावर मांडून दाखवावेत. कोणाचे कर्ज चारचौघांत विचारू नये.

हरळीची एक कांडी बांधात राहिली तरी पावसाळ्यात शेत पुन्हा भरते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. शेवटचा हप्ता देऊन कागद परत घेईपर्यंत कर्ज फिटले असे समजू नये. फेडीचा दाखला घ्यावा व जपून ठेवावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. दरमहा शेकडा ३ व्याजाने १०,००० रुपये घेतले व दरमहा ३०० रुपयेच दिले, तर एका वर्षाने किती देणे उरेल?

२. गावातून मुंबईस गेलेल्या तरुणास पहिला पगार किती दिवसांनी मिळाला? तोवरचा खर्च त्याने कसा भागविला?

३. पीककर्जाची मुदत व सावकाराचा हप्ता एकाच महिन्यात आल्यास कुटुंबाने कोणती व्यवस्था आधीपासून करावी?