ऑइल पिते? पिऊ दे की!

अगं, आधी शांत हो. तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. "ताई, गाडी ऑइल पितेय, मला फसवलं." कुणी फसवलेलं नाही गं. तू माझदाची आरएक्स-8 घेतलीस, आणि आरएक्स-8 ऑइल पितेच. तशीच घडवलीय ती.

इकडे इंग्लंडात आल्यावर स्पोर्ट्‌स कार घ्यायचीच, हे तुझं कॉलेजपासूनचं खूळ मला ठाऊक होतं. पण एवढ्या गाड्यांमधून नेमकी हीच उचलशील असं वाटलं नव्हतं. माझ्याकडे हीच गाडी बरीच वर्षं होती, म्हणून कान पकडायचा हक्क बजावते.

आपण लहानपणापासून ज्या गाड्या बघितल्या त्यांच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. तुझ्या गाडीत पिस्टन नाहीतच. त्यांच्या जागी फुगीर बाजूंचे दोन त्रिकोणी रोटर आपापल्या लांबट गोल पोकळीत गरगर फिरतात. प्रत्येक रोटरचं माप 654 सीसी, म्हणजे सगळं मिळून 1.3 लिटरचं इंजिन. एवढ्याशा इंजिनावर तुझं 231 अश्वशक्तीचं मॉडेल 9,000 आरपीएमपर्यंत चढतं आणि तरी शिवणयंत्रासारखा खडखडाट करत नाही. तू भाळलीस त्यात नवल नाही. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाची ही कल्पना. 1957 मध्ये एनएसयू कंपनीत त्याचं इंजिन पहिल्यांदा चाललं. पुढे बाकीच्यांनी एकेक करून नाद सोडला, माझदाने मात्र 1967 च्या कॉस्मो स्पोर्टपासून तो धरून ठेवला आणि 1991 मध्ये चार रोटरच्या गाडीने ल माँची 24 तासांची शर्यतही मारली.

आता तुझ्या ऑइलकडे येते. त्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्यांना अपेक्स सील म्हणतात. त्या सतत पोकळीच्या भिंतीला घासत फिरतात. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला खालून ऑइल मिळतं. इथे ती सोय नाही, कारण त्या भिंतीवर सगळीकडे पेट्रोलचंच राज्य. म्हणून एक छोटा पंप इंजिनातलंच थोडं थोडं ऑइल त्या पोकळीत सोडतो. ते सीलना वंगण देतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. समईतलं तेल कमी झालं म्हणून समई बिघडली असं आपण म्हणतो का? आणि जितकी जोरात पळवशील तितकं ऑइल जास्त जाणार, तेही धरून चाल.

म्हणूनच "आमची आरएक्स-8 थेंबभर ऑइल खात नाही" असं छातीठोक सांगणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. एक तर त्याने ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, कधी काढून बघितलेली नसते, नाहीतर तो पंप नीट काम करत नसतो. दुसरी गोष्ट खरी असेल तर सील कोरडे घासताहेत, आणि पुढचं बिल इंजिन खोलण्याचं.

आपल्या घरात काय व्हायचं आठवतं ना? गाडी सर्व्हिसिंगला गेली की त्यांनी बघायचं, आपण फक्त किल्ली फिरवायची. बाबांनी बॉनेट उघडलेलं मला आठवतच नाही. ती सवय या गाडीला मारक आहे. दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात ऑइलची पातळी धोक्याच्या खुणेखाली जाऊ शकते. शिवाय या इंजिनात रोटर आतून थंड ठेवायचं कामही ऑइलच करतं. कमी पडलं की वंगणही गेलं आणि थंडावाही. त्यात तू इथल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातल्या वळणांवर दामटणार. वळणावर उरलंसुरलं ऑइल एका बाजूला धावतं आणि ऑइलच्या मुख्य पंपाच्या तोंडाशी हवा येते. दिवा लागेपर्यंत थांबू नकोस. प्रेशरचा लाल दिवा लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

तर मग नियम काय? एक-दोन वेळा पेट्रोल भरलंस की पट्टी बघायचीच. सपाट जागा बघ. तुझ्या घरासमोरचा उतार चालणार नाही, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जा. इंजिन तापलेलं हवं. बंद कर आणि पाच मिनिटं थांब, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पूस, पुन्हा पूर्ण आत घाल आणि मग काढून वाच. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं त्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वच्छ नवं ऑइल पट्टीवर पटकन दिसत नाही, तेव्हा उजेडात तिरकी धरून बघ. पट्टीवर एफ आणि एल अशा दोन खुणा आहेत. मी पातळी एफच्या थोडी खाली ठेवायचे. एलपर्यंत जाऊच द्यायचं नाही.

ओतताना घाई नको. तोंड अरुंद, खाली लांब नळी. नरसाळं घे, थोडं ओत, जरा थांब, परत पट्टी बघ. बायका हात सैल सोडतात म्हणून नाही, पण कमी पडलं की आपण भरभरून वाढतो, हा आपला स्वभाव. इथे तो आवर. एफच्या वर गेलं तर जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेने इंजिनात शिरतं आणि मागून निळा धूर निघतो. झाकण घट्ट लावलंस का ते बॉनेट पाडण्याआधी बघ. आणि हो, डिकीत एक लिटरचा डबा कायम ठेव, उभा, पिशवीत गुंडाळून.

कुठलं ऑइल? इथल्या गाड्यांच्या पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 सांगितलंय, तेच घे. अमेरिकेत याच गाडीला 5डब्ल्यू-20 सांगतात, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून गोंधळू नकोस. मिनरल की सिंथेटिक, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळावं की नाही, यावर रोटरीवाले रात्र रात्र भांडतात. मला विचारशील तर पातळी सांभाळ आणि ऑइल वेळेवर बदल. जिच्या डिपस्टिकला महिनोन्‌महिने हात लागत नाही तिला महागडं ऑइल काय वाचवणार?

थंडीत ऑइल भरायच्या तोंडाशी, झाकणाखाली पिवळट फेस दिसेल. छोट्या छोट्या फेऱ्या केल्या की बाष्प साचतं, त्याचा तो फेस. पुसून टाक आणि एखादा लांब फेरफटका मार. पट्टीच्या टोकालाही तसलाच दुधाळपणा दिसला आणि कूलंट उतरत असेल, तर मात्र गाडी लगेच दाखवायची.

आणखी एक. थंड गाडी सुरू करून दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही. आत पेट्रोल साचतं आणि मग ती सुरूच होत नाही. झालंच तसं, तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली फिरव. तेव्हा पेट्रोल बंद होतं आणि आतलं साचलेलं बाहेर निघतं.

गॅरेजवाले "मॅडम, या गाड्या अशाच" म्हणून हसतील. हसू देत. तापलेली गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट मागून घे, तीही रोटरीच्या खास यंत्रावर. साधं यंत्र रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवत नाही. एवढं विचारलंस की त्यांचं हसू थांबेल.

रस्ता-कराचं मी आधी बोलले नाही, कारण तू घेऊन मोकळी झाली होतीस. गाडी 23 मार्च 2006 ला किंवा त्यानंतर नोंदलेली असेल तर तो जबर आहे. ऑइलचा खर्च त्यापुढे किरकोळ.

मोबाइलमध्ये एक नोंद सुरू कर: तारीख, मैल, किती ओतलं. आपली गाडी एरवी किती पिते ते तुला कळलं की ती एकदम जास्त प्यायला लागली, किंवा प्यायचीच थांबली, तर तुझ्या लगेच लक्षात येईल. या शनिवारी पेट्रोल भरशील तेव्हा पट्टी काढ आणि फोटो मला पाठव. वाचता येत नसेल तर व्हिडिओ कॉल कर, पण बघितल्याशिवाय पीक डिस्ट्रिक्टला निघू नकोस.