साच्याची ऑर्डर देण्याआधी

गाडीच्या दारावरची लांबी घासायला नवा हातठोकळा बनवायचा, एवढंच काम होतं. थ्री-डी प्रिंटरवर काढलेला पहिला नमुना गॅरेजमध्ये सगळ्यांना आवडला. उंच मूठ, झकास पकड. डायवाला तर ‘साचा टाकूनच टाका’ म्हणून मागे लागला. मग पेंटरकाकांनी तो दारावर चालवला, वर गाइड कोटची काळी पावडर चोळली आणि पुन्हा हलकेच घासलं. आडव्या काळ्या रेघा तशाच राहिल्या. मूठ उंच असली की हात पुढे रेटताना ठोकळा नाकावर झुकतो आणि पुढची कड लांबीत रुतते. काका म्हणाले, ‘‘साहेब, धरायला मस्त आहे. घासायला नाही.’’

म्हणून मूठ तळाच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा आणि टोकांच्या कडा गोल करा.

मापं ठरवताना हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर समोर ठेवा. ताव साधारण 230 बाय 280 मिमीचा. त्याच्या 70 मिमी रुंदीच्या बरोबर चार पट्ट्या निघतात. ठोकळा 75 मिमीचा केलात की तीनच, बाकी कचऱ्यात. रोज कागद विकत घेणारा पेंटर हे लगेच हेरतो. टोकांना चिमटे देणार असाल तर पट्टीची टोकं त्यात जातात, तेव्हा तळ 230 पेक्षा आखूडच हवा. वेल्क्रो सोयीचा खरा, पण त्याचा थर मऊ असतो. धारदार बॉडीलाइनवर मला तो पटत नाही.

आखूड ठोकळा खळग्यात उतरतो आणि पुन्हा वर येतो, लाट तशीच राहते. लांब आणि ताठ ठोकळा उंचवटेच कापतो. फेंडरच्या गोलाईला मात्र वाकणारा तळ लागतो. काढता-घालता येणाऱ्या काड्यांचे ठोकळे बाजारात आहेतच. आधी ते विकत आणून वापरा.

पीएलएचा नमुना उन्हातल्या गाडीत विसरू नका. हे प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. आमचा एक डॅशबोर्डवर केळ्यासारखा वाकला होता. वाकलेला तळ तोच बाक लांबीत उतरवतो. दर वेळी काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का, ते बघा.

चाचणी कोरडीच घ्या. लांबी पाणी शोषते. ओली घासली तर पुढे रंगाखाली फोड येतात, पत्रा गंजतो. धूळ उडते, तेव्हा मास्क हवाच.

आणि कल्पना खरोखर नवी वाटत असेल तर आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. अर्ज दाखल होईपर्यंत नमुना प्रदर्शनात मांडू नका, त्याचे फोटोही कुठे टाकू नका.