'टॉक्सिक' : एका शब्दाचे मूळ

वसतिगृहातील मुलामुलींच्या बोलण्यात 'टॉक्सिक' हा इंग्रजी शब्द अलीकडे वारंवार ऐकू येतो. मैत्री टॉक्सिक, वातावरण टॉक्सिक, अमुक मुलगा टॉक्सिक! ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१८ साली 'वर्षाचा शब्द' म्हणून याचीच निवड केली होती. 'विषारी' हा त्याचा अर्थ आपणांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या मुळाशी विष नसून धनुष्य आहे.

प्राचीन ग्रीक भाषेत 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकास लावावयाच्या विषाला 'टॉक्सिकॉन फार्माकॉन', म्हणजे धनुष्यासाठीचे द्रव्य, असे म्हणत. 'फार्माकॉन' या शब्दात औषध व विष हे दोन्ही अर्थ होते. पुढे ही जोडी फुटली. 'टॉक्सिकॉन' एकटाच विषाचा वाचक बनला, लॅटिनमध्ये 'टॉक्सिकम' झाला आणि सतराव्या शतकात 'टॉक्सिक' या रूपाने इंग्रजीत आला. उलट 'फार्माकॉन'पासून औषधालयाचा 'फार्मसी' हा शब्द निघाला. धनुष्याच्या वाट्याला विष आले आणि द्रव्याच्या वाट्याला औषध!

'इन्टॉक्सिकेट' हा शब्द याच कुळातील. आज त्याचा अर्थ नशा आणणे असा असला, तरी पूर्वी तो विष देणे असा होता. मद्यापासून अलिप्त राहण्याचे पाचवे शील ज्यांनी ग्रहण केले आहे, त्यांना हा अर्थ सहज पटावा.

संस्कृतमध्ये 'दिग्ध' म्हणजे माखलेला; अमरकोशात विषारी बाणाला हेच नाव आहे. दोन्ही भाषांची साक्ष एकच : विष बाणाचे अंगभूत नसते, ते त्याला लावलेले असते.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू इच्छितो की, एखाद्या सोबत्याला 'टॉक्सिक' ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे. 'तुझे हे बोलणे विषारी होते' असे म्हटल्यास त्याला ते बोलणे सोडता येते. 'तूच विषारी आहेस' असे म्हटल्यास त्याला सुधारण्यास जागाच उरत नाही. मात्र घाव सोसत गप्प बसावे, असा याचा अर्थ नव्हे. मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात तथागतांनी विषदिग्ध बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. बाण कोणी मारला, धनुष्य कोणत्या जातीचे होते, हे कळेपर्यंत तो बाण काढू देत नाही, तर उत्तरे मिळण्याआधीच मरण पावेल. ज्याला शब्दांचा घाव बसला आहे, त्याने तो शिक्षकांना वा गृहपालांना सांगावा. बाण आधी काढावा. मारणाऱ्याला नाव ठेवण्याची घाई नसावी.